मागची बाजू दाखवा

आपट्याच्या पानाला दोन कान असतात आणि कांचनाच्या पानालाही दोन कान असतात, हे मला शाळेने शिकवलं नाही, लिमयेकाकांनी शिकवलं. दसऱ्याच्या संध्याकाळी आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधली सगळी मुलं सोनं द्यायला घरोघर जायची. इतर ठिकाणी पान द्यायचं, वाकून नमस्कार करायचा, हातावर पेढा पडायचा, संपलं. लिमयेकाकांच्या दारात मात्र वाकलेलं डोकं बराच वेळ वाकलेलंच राहायचं, कारण काका ते पान दिव्याखाली नेऊन उलटं करून बघत असायचे. मग वरून आवाज यायचा, "हा आपटा नाही, कांचन आहे. फसवलं तुम्हाला. असो, सुखी राहा." आशीर्वाद मिळायचा, पण फसलेल्या माणसाला द्यावा तसा मिळायचा. मग आतून सुमतीकाकू यायच्या आणि हातावर दोन पेढे ठेवायच्या, एक दसऱ्याचा आणि एक अपमानाचा.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. यंत्रांचे सुटे भाग त्यांच्या टेबलावर यायचे, काका ते उलटसुलट करून बघायचे आणि त्यातले पुष्कळसे आले तसे परत पाठवायचे. माल समोरून चांगलाच दिसतो, खोट असते ती पाठीमागे, एवढं एक सत्य त्यांना नोकरीत सापडलं आणि ते घेऊन ते घरी आले. मग भाजीवाल्याने रचून ठेवलेल्या टोमॅटोंना, औषधांच्या पाकिटाला, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीला, सगळ्यांना एकच वाक्य ऐकावं लागे. "हे ठीक आहे. मागची बाजू दाखवा." माझ्या ताईला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी जिना उतरताना नुसतं पाठीमागून पाहिलं आणि चप्पल एका बाजूने झिजलीय, असा शेरा दिला. लग्न मोडलं नाही, पण ताई अजूनही भावजींच्या चपला उलट्या करून बघते.

उंच, शिडशिडीत, पोटावर जरा जास्तच वर चढवलेली पँट, आणि उजव्या हाताचं मधलं बोट कायम वाकवलेलं. त्या बोटाच्या पेराने ते वस्तूवर दोनदा टकटक करत आणि कान देऊन ऐकत. कलिंगड, भिंत, बँकेचा काउंटर, नव्या जावयाने आणलेली मिठाईची पेटी. एकदा तापात पडलेले असताना त्यांनी स्वतःच्या छातीवरही टकटक केलेलं मी पाहिलंय. डॉक्टर आलेले होते, पण डॉक्टरांवर विश्वास कुठे होता?

कॅन्टीनच्या मिठावर तर नव्हताच. त्यात कसली तरी भुकटी मिसळतात, असं त्यांचं पक्कं मत. म्हणून ते नोकरीत होते तोवर काकू रोज त्यांच्या डब्यात मिठाची एक पुडी ठेवत. जुन्या कॅलेंडरच्या पानाचा चौकोनी तुकडा, आत चिमूटभर खडे मीठ, आणि वरची कड आत खोचलेली तिकोनी घडी. काकूंचं सगळं बोलणं अशाच घडीत असायचं. थोडं आणि आत खोचलेलं.

लिमये तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. काकूंच्या गुडघ्यांनी संप केला तेव्हा आईने आमच्या दाराबाहेर एक स्टूल ठेवलं. काकू कठडा धरून एक मजला उतरायच्या, स्टुलावर टेकायच्या, आईशी दोन शब्द बोलायच्या आणि मग पुढचे दोन मजले. हळूहळू त्यांचं खाली जाणं कमी होत गेलं. भाजी वर येऊ लागली, दूध वर येऊ लागलं, देवळातला अंगारा वर येऊ लागला. काका खालच्या मजल्यावर घर का घेत नाहीत, असं लोक विचारायचे. पेन्शन किरकोळ होती हे एक. आणि आपलं घर विकावं तर घेणाऱ्याचा भरवसा नाही, भाड्याने द्यावं तर भाडेकरूचा नाही. मुलगी बंगळूरला, तिने कितीदा तरी विचारलं, पण मुलीचे पैसे घ्यायचे नाहीत हा काकांचा नियम होता.

मी शिकून मोठी झाले आणि घरं विकायला लागले. ठाण्यात, बाळकुमला, एका टॉवरच्या विक्री कार्यालयात. पहिल्या आठवड्यात आम्हाला शिकवलं की आपण घर विकत नाही, लक्झरी विकतो. घर म्हणायचं नाही, रेसिडेन्स म्हणायचं. गॅलरी नाही, डेक. जिन्याखालच्या खोलीत दोन सायकली असल्या की तो जिम, त्याच सायकलींपाशी शहाळं मिळालं की वेलनेस. नेमकं कशामुळे घर लक्झरी होतं, असं मी शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ज्या घराची किंमत विचारायला माणसाला लाज वाटते ते लक्झरी. मला हे उत्तर फार आवडलं आणि तेव्हापासून माझा त्या धंद्यावरचा विश्वास उडाला. पगार मात्र वेळेवर होता.

एका रविवारी आमची गाडी कोणा ग्राहकाला घेऊन आली आणि तिच्यातून लिमयेकाका उतरले. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. मागून काकू, नारायणपेठ नेसून. मी लाउंजच्या खांबाआड उभी राहून बघत राहिले. मला वाटलं, माझ्यावर लक्ष ठेवायला आईने पाठवलं असेल. तसं काही नव्हतं. टॉवर बघायला आलेल्यांना बिल्डर घरापासून घरापर्यंत गाडी देतो, हे काकांना कळलेलं होतं, आणि दर रविवारी ते कुठल्या ना कुठल्या टॉवरची गाडी मागवत होते. माजिवड्यापासून शीळफाट्यापर्यंत एकही सॅम्पल फ्लॅट त्यांनी सोडलेला नव्हता. मला बघून ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "तू इथे काम करतेस हे बरं झालं. खरं काय ते आता कळेल."

आमच्या धंद्यात अशा लोकांना टाइमपास म्हणतात आणि चहा देऊन वाटेला लावतात. काका वाटेला लागणारे नव्हते. पहिला टॉवर जवळजवळ तयार होता आणि त्याच्याच वरच्या एका मजल्यावर सॅम्पल फ्लॅट सजवलेला होता. काका आत शिरले आणि भिंतीवर टकटक केली. मग बूट काढून मास्टर बेडरूमच्या पलंगावर सरळ आडवे झाले. त्यांचे पाय घोट्यापासून पुढे बाहेर लोंबत राहिले. "मेधा, पलंग आखूड केलाय. खोली मोठी दिसावी म्हणून." मला माहीत होतं. बेडरूमला दार का नाही तेही माहीत होतं, हॉलमध्ये भिंतभर आरसा का आहे तेही. काकांनी त्या आरशामागे काय आहे ते बघायचा प्रयत्न केला तेव्हा आमच्या मॅनेजरने मला बाजूला घेऊन विचारलं की हे गृहस्थ इन्कम टॅक्सचे आहेत का. मी नाही म्हटलं नाही. त्या दिवसापासून लिमये दांपत्याला चहाबरोबर बदामाची बिस्किटं मिळायला लागली. काका त्यातलं एक उलटं करून बघत आणि मग काकूंना देत.

प्रत्येक विक्री कार्यालयात ते शेवटी एकच प्रश्न विचारत, आणि उत्तरं मला गाडीपर्यंत सोडायला जाताना ऐकवत. लक्झरी कशाला म्हणायचं? माजिवड्याला सांगितलं, लॉबीची उंची दोन मजल्यांची. "म्हणजे दिवे बदलायला शिडी आणा." कल्याणला सांगितलं, लॉबीत दिवसभर सुगंध सोडतात. "म्हणजे गटार जवळ असणार." शीळफाट्याला सांगितलं, एका मजल्यावर दोनच फ्लॅट, शेजारी कधी दिसणारसुद्धा नाहीत. त्यावर मात्र काकांच्या आधी काकू बोलल्या, "मग विरजण कोणाकडे मागायचं?"

काकू या सगळ्या फेऱ्यांत स्वयंपाकघरात उभ्या असायच्या. ओट्यावर तळवा टेकून. सॅम्पल फ्लॅटच्या इतिहासात दारात चपला काढून ठेवणाऱ्या त्या एकट्याच असतील. त्यांनी आमच्याकडे एकदाच काही विचारलं, आणि तेही मला, हळूच. आमच्या लिफ्टमध्ये मागच्या भिंतीला लागून एक गादी लावलेला बाक होता. लिफ्टमध्ये बसायची सोय हा आमच्या माहितीपत्रकातला मोठा मुद्दा. काकू त्यावर बसून वर आल्या होत्या. म्हणाल्या, "हा बाक नंतरही ठेवतात का गं, की फक्त दाखवायला आहे?" मी म्हटलं, ठेवतात. काकू हसल्या. त्यानंतर काकांनी इतर टॉवर सोडून आमच्याकडेच पुन्हा पुन्हा यायला सुरुवात केली. आमच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त खोट सापडते, हे त्यांनी दिलेलं कारण. कुठे जायचं हे रविवारी सकाळी काकू सुचवत होत्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

याच सुमारास आमच्या बिल्डिंगचा पुनर्विकास निघाला. खालच्या गॅलऱ्यांना लोखंडी टेकू लागलेले होते, पावसात जिन्याचं छत ठिबकत होतं. एक बिल्डर आला. जुनी पाडून त्याच जागी लक्झरी टॉवर, प्रत्येकाला मोठं घर, तोवर भाड्याने राहायची सोय त्याच्याकडून. सगळ्यांनी संमती दिली. एक सोडून. कायद्याने बहुमत पुरेसं होतं, पण बिल्डरला कोर्टकचेरी नको होती. गच्चीवरच्या सभेत त्याने रंगीत चित्र उलगडलं. चित्रात आमच्या गल्लीच्या जागी झाडं होती आणि झाडांखाली गोऱ्या बायका कुत्री फिरवत होत्या. काका उठले. "हे ठीक आहे. मागची बाजू दाखवा." बिल्डरने चित्र उलटं केलं, मागे कोरा कागद. काका म्हणाले, "मला हीच बाजू खरी वाटते."

लोक हसले नाहीत. वैतागलेले होते. जोशींच्या मुलाचं लग्न नव्या घरावर अडलेलं, पहिल्या मजल्यावरच्या सावंतांच्या छताचा तुकडा पाळण्यात पडलेला, पाळणा रिकामा होता म्हणून निभावलं. लिमयांशी लोक बोलेनासे झाले. आई एकदा काकांना सरळ म्हणाली की तुमचा संशय राहू दे तुमच्यापाशी, वहिनींचे गुडघे बघा. काका म्हणाले, गुडघ्यांसाठीच बघतोय, हा माणूस अर्ध्यात पळाला तर तिला घेऊन मी जाऊ कुठे? मी त्याच धंद्यात होते आणि काकांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं.

आणि मग आमच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये मीठ निघायला लागलं.

पहिल्यांदा साफसफाईच्या शैलाला ते ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये सापडलं. कागदाची पुडी आणि आत खडे मीठ. तिने कचऱ्यात टाकलं. काही दिवसांनी पुन्हा, मग पुन्हा. मॅनेजरच्या दोन्ही हातांच्या बोटांत खड्यांच्या अंगठ्या, त्याचं तर धाबंच दणाणलं. कोणीतरी करणी करतंय, त्याशिवाय बुकिंग थंडावलं नसतं. शैला बाळकुमचीच, टॉवर ज्या शेतात उभा होता त्याच्या शेजारच्या घरातली. ती म्हणाली, "मिठाला काय घाबरायचं, साहेब? माजी आजी जलमभर मिठागरात राबली. मना तर काय झाला नाय." साहेबांनी दुसऱ्या दिवशी तिलाच संशयित ठरवलं. मग समोरच्या टॉवरवाल्यांना. मग, मी लग्न न झालेली म्हणून, मला. शैलाला कामावरून काढायचं घाटत होतं आणि तिच्या घरात ती एकटीच कमावती. मी ही हकिकत घरी सांगितली, आईने ती स्टुलावरून वर पोचवली, आणि लिमयेकाकांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं.

पुढच्या रविवारी ते गाडीतून एकटेच उतरले. काकूंनी नारायणपेठ नेसली होती. दुसऱ्या मजल्यापर्यंत आल्या, स्टुलावर बसल्या आणि पुढे पाऊलच पडेना. आई धरून परत वर घेऊन गेली. काकांनी हे मला सांगितलं आणि लगेच म्हणाले, "चल, जागा दाखव."

त्यांनी चौकशी सुरू केली. शैलाला विचारलं, मॅनेजरला विचारलं, मला विचारलं. संशय घेताना घरचा आणि बाहेरचा बघायचा नाही, असं बजावून मला दोनदा विचारलं. मग स्वयंपाकघरात आले, ओट्यावर टकटक केली आणि खालचा ड्रॉवर ओढला. रिकामा. मॅनेजरने सुस्कारा टाकला. काका म्हणाले, "थांबा. मागची बाजू." त्यांनी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून जमिनीवर ठेवला, गुडघ्यावर बसले आणि आतल्या पोकळीत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात एक पुडी होती. कॅलेंडरच्या पानाची, तिकोनी, वरची कड आत खोचलेली.

काका मॅनेजरकडे बघत काहीतरी बोलत होते. बोलता बोलता त्यांच्या अंगठ्याने ती खोचलेली कड उचलली, पुडी उघडली आणि दोन बोटांनी चिमूट घेतली. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. जन्मभर दुपारच्या सुट्टीत जे केलं तेच त्यांच्या हाताने केलं. आणि मग ते वाक्याच्या मधेच थांबले.

मला कळलं त्याच क्षणी. डब्यातली पुडी. काकांनी हातातलं मीठ परत पुडीत टाकलं, कड पुन्हा आत खोचली, पुडी होती तिथे ठेवली आणि ड्रॉवर बसवला. उठायला त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला. मॅनेजर विचारत होता, काय निघालं. काका म्हणाले, "काही नाही. मीठ आहे. स्वच्छ आहे. त्या मुलीला कामावर ठेवा." जाताना लिफ्टमध्ये ते त्या बाकाकडे बघत उभे राहिले. बसले नाहीत.

काकूंना मी दोन दिवसांनी भेटले. त्या गॅलरीत लसूण सोलत होत्या. मी काही विचारलं नव्हतं, त्याच बोलल्या. त्यांच्या सासूबाई कोकणातून या घरात आल्या तेव्हा सगळ्यात आधी मीठ आत नेलं होतं. नव्या घरात आधी मीठ जातं, मग घर आपलं होतं. "चोरी नव्हे गं ती. ह्यांना कुठलंच घर पसंत पडणार नाही, मला माहितीय. म्हटलं, मी तरी एक करून ठेवते." मग पाकळी सोलता सोलता म्हणाल्या, "बसायला बाक आहे ना तिथे." मला रडू आलं. मी लसणावर ढकललं.

काकांनी घरी काय विचारलं, काकूंनी काय सांगितलं, मला माहीत नाही. पण महिना संपायच्या आत गच्चीवर पुन्हा सभा झाली आणि काका बिल्डरच्या समोर जाऊन बसले. लोक श्वास धरून बसले, आता हा काय काढतो म्हणून. काकांनी एकच विचारलं. सही केली तर घर कधी रिकामं करायचं? बिल्डर गडबडला, त्याला वाटलं हे मुदत मागतायत. म्हणाला, तुम्ही म्हणाल तेव्हा. काका म्हणाले, "लवकर." पेन मागितला, आधी तळहातावर ओढून शाई खरी आहे ना ते पाहिलं आणि सही केली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जोशीकाकू तेवढ्या पदराने डोळे पुसत होत्या.

काकू तिसऱ्या मजल्यावरून शेवटच्या उतरल्या त्या खुर्चीत बसून. चौघांनी खुर्ची उचलली आणि काका पुढे पाठमोरे उतरत, एकेका पायरीवर बुटाने ठोकत, चौघांनाही सूचना देत राहिले. दुसऱ्या मजल्यावर काकूंनी थांबायला सांगितलं. आमच्या स्टुलावर हात फिरवला आणि आईला म्हणाल्या, "हे आता तुम्हाला ठेवा." ते शीळफाट्याजवळ एका टॉवरमध्ये भाड्याने गेले. दोन लिफ्ट होत्या. मी पोचवायला गेले होते. दारात काकूंनी हात पुढे केला आणि काकांनी शर्टाच्या खिशातून एक पुडी काढून दिली. स्वतः बांधलेली. अर्धं मीठ खिशातच सांडलं होतं. काकूंनी ती पुडी उलटी करून नीट बघितली, मग काकांकडे बघितलं, आणि आत गेल्या.

पुढचं सगळं काकांनी सांगितल्याबरहुकूम झालं. आमची बिल्डिंग पडली, खड्डा खणला गेला, खड्ड्यात पाणी साचलं आणि बिल्डर फोन उचलेनासा झाला. भाडं यायचं बंद झालं. सगळे जण आपापल्या भाड्याच्या घरांत बसून लिमयांचं नाव काढायला लागले, बरोबर सांगत होता तो माणूस, आपण ऐकलं नाही. मला राग आला होता. बिल्डरचा आलाच होता, पण थोडासा काकांचाही. ज्या एका माणसाने सगळं ओळखलं होतं, त्याने ऐन वेळी सही का केली? मी शीळफाट्याला गेले आणि हे तोंडावर विचारलं.

आत काकू कोणाशी तरी हसत होत्या, शेजारीण विरजण न्यायला आली होती. मग काका म्हणाले, "मेधा, घर मिळेल म्हणून मी सही केली नव्हती. मला तेव्हाही माहीत होतं. पण सही केल्याशिवाय ती खाली उतरली नसती." मी म्हटलं, पण काका, आता घरच नाही. तर म्हणाले, "ती रोज संध्याकाळी खाली जाते. एकटी."

भाडं भरायला मुलीचे पैसे घेतील असं आम्हाला वाटलं होतं. घेतले नाहीत. त्यांनी नोकरी धरली, स्वतःचीच. लक्झरी टॉवरमध्ये घर घेणारे लोक ताबा घेण्याआधी हल्ली माणूस बोलावतात, फरशा पोकळ आहेत का, पाणी कुठे मुरतंय का, हे तपासायला. असा माणूस माजिवड्यापासून कल्याणपर्यंत काकांसारखा दुसरा कुठे मिळणार? बूट, इस्त्रीचा शर्ट, वाकवलेलं बोट. एका मोठ्या बिल्डरने तर त्यांना आत सोडायचं नाही म्हणून गेटवर त्यांचा फोटो लावला होता. तो फोटो त्यांनी मला मोबाइलवर दाखवला. दाखवताना त्यांच्या चेहऱ्यावर मी कधीच न पाहिलेली तृप्ती होती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बाळकुमलाच. आमच्या पहिल्या टॉवरचे ताबे देणं चालू होतं आणि एका खरेदीदाराने काकांना आणलं होतं. मी नोकरी सोडत होते, शेवटचे दिवस भरत होते. लॉबीत उभी होते तर लिफ्टचं दार उघडलं, आत बाकावर काकू. नारायणपेठ, मांडीवर डबा. उतरल्या नाहीत. म्हणाल्या, "ये ना आत. वर जाऊन येऊ." त्या सकाळपासून वरखाली करत होत्या. वरच्या फ्लॅटमध्ये बसायला काही नव्हतं, लॉबीतल्या सोफ्यावर त्यांना कंटाळा आला, आणि इथे येणारे जाणारे भेटत होते. एका गुजराती बाईंची आणि त्यांची तोवर चांगली ओळख झालेली होती. बाक ठेवलाय गं खरंच, असं त्या मला म्हणाल्या आणि गादीवर हलकेच थोपटलं.

मी डबा घेऊन वर गेले. फ्लॅट रिकामा, उघडाबोडका, नवीन रंगाचा वास. काका स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्याभोवती खडूच्या फुल्या मारलेल्या फरशा होत्या, सगळ्या नापास. मी विचारलं, काय काका, ठरलं का मग, लक्झरी कशाला म्हणायचं? "अजून तपासतोय," ते म्हणाले. डबा हातात घेताना त्यांनी तो सवयीने उलटा करून बुडाला टकटक केली. मग उघडला. पोळी, फरसबीची भाजी, काकडी. मला मागच्या न्हाणीघरातली कुठली भिंत ओली आहे ते सांगत होते. सांगता सांगता त्यांनी डब्याच्या कोपऱ्यातली पुडी उचलली, अंगठ्याने कड सोडवली आणि काकडीवर मीठ भुरभुरलं. नजर त्या ओल्या भिंतीकडे होती. पुडीकडे त्यांनी पाहिलं नाही.